थांबलेल्या रोटरची पंचवीस मिनिटं

१२ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. मामीलाही सांग.

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू उघडलंस की मामीनं उघडून तुझ्यापुढे ठेवलं, कोण जाणे. नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही नाही, तेव्हा त्या बाबतीत आपण बरोबरीत आहोत. इकडे सगळे ठीक. हवा बदलली की आईचा गुडघा कुरकुरतो, मग आई गुडघ्यावर कुरकुरते, आणि दोघांचं ऐकून घ्यायला मी आहेच. तुझ्या रोपवाटिकेची खबर मामीकडून कळते. परवा फोनवर म्हणाली, "अगं, कुंड्यांसाठी फळी ठोकायची तर ह्यांनी सुतार बोलावला. मापसुद्धा त्यालाच घ्यायला लावलं. स्वतः टेपला हात लावला नाही." मी हसले, पण फोन ठेवल्यावर काही हसू आलं नाही.

असो. नमनालाच घडाभर तेल झालं. कामाचं लिहिते.

मी अजून त्याच चाचणी विभागात आहे आणि अजून तुझ्याच फटीच्या मागे आहे. आठवतंय? पहिल्याच दिवशी तू मला टर्बाइनच्या केसिंगमध्ये डोकं घालायला लावलं होतंस. "पात्याचं टोक आणि ही भिंत यांच्यात काय दिसतंय?" मी म्हटलं, "काहीच नाही." तू म्हणालास, "त्या काहीच-नाहीचा पगार मिळतो मला." मग दिवसभर समजावत बसलास. फट जास्त झाली तर तापलेला वायू पात्याला न ढकलताच वरून निसटतो आणि इंधन फुकट जातं. कमी झाली तर पाती भिंतीला घासतात. आणि ही बया एका मापावर कधी राहत नाही. इंजिन फिरायला लागलं की पाती ताणाने आणि उष्णतेने लांबतात, केसिंग आपलं सावकाश तापून फुगतं, बंद केलं की सगळं उलट आणि तेही आपापल्या सवडीने. तू गार इंजिनात सव्वा मिलिमीटर ठेवायचास, ते पुढच्या या सगळ्या नाटकाचा अंदाज बांधून.

आता आम्ही अंदाजावर थांबत नाही. केसिंगभोवती बारीक भोकांच्या नळ्यांची कडी बसवली आहेत. इंजिन एका चालीवर स्थिरावलं की त्यांतून गार हवा सोडायची. केसिंग आक्रसतं, फट कमी होते. वेग एकदम वाढवायचा असेल तर हवा आधी बंद करायची, कारण पाती भिंतीची वाट बघत नाहीत. हवेची झडप कधी उघडायची आणि कधी मिटायची, एवढ्यावर माझी सहा वर्षं गेली. गंमत म्हणजे अजून कंटाळा आला नाही. भिंतीत बसवलेलं बटणाएवढं यंत्र (आम्ही त्याला बटणच म्हणतो) खालून पातं गेलं की फटीचा आकडा दाखवतं, आणि तो आकडा हलताना बघत बसले की मला जेवणाची आठवण राहत नाही. आता या कामाचा वेगळा विभाग होतोय, आणि मोठ्या बाई (आमच्या मुख्य अभियंता, तू गेल्यावर आल्या) तो माझ्याकडे द्यायचं म्हणताहेत.

पण आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे.

जुनं भांडार रिकामं करायचंय. भंगाराची यादी सहीसाठी माझ्याकडे आली. त्यात एकतिसावी ओळ होती: "टर्बाइन पाती, खराब, पेटी एक." मी खाली जाऊन झाकण उघडलं. मामा, ती पाती त्या दिवसाची आहेत. आपल्या इंजिनाची. दुसऱ्यांदा सुरू केल्यावर जे किंचाळलं होतं, त्याची.

चौकशीवाल्यांनी तेव्हा केसिंग तेवढं तपासलं होतं. आतून सगळीकडे गोल चरा पडला होता, त्यावरून त्यांनी लिहून टाकलं की फिटरने, म्हणजे तू, फट मुळातच कमी ठेवली. पाती काढणाऱ्यांनी ती कशीही पेटीत भरली होती आणि कुणी पुन्हा बघितली नाहीत. तू बघितली असतीस, पण तुला तेव्हा आत येऊ देत नव्हते. पात्याच्या बुंध्यावर खाचेचा क्रमांक कोरलेला असतो. मला राहवेना. भांडाराची जमीन झाडून घेतली आणि बहात्तरच्या बहात्तर पाती क्रमाने गोल मांडली, फिरत्या कण्यावर, रोटरवर, असतात तशी. भांडारवाले काका म्हणाले, "ताई, ही कसली रांगोळी?"

आता ऐक. टोकं झिजली आहेत ती फक्त नऊ ते सत्तावीस या पात्यांची. एकोणीस पाती, एकाला लागून एक. अठरावं सगळ्यात जास्त झिजलंय, तिथून दोन्ही बाजूंना कमी कमी होत गेलंय. बाकीच्या त्रेपन्नांना ओरखडासुद्धा नाही.

फट कमी ठेवली असती तर असं झालं असतं का? तुझं मत हवंय. यादीवर सही केलेली नाही. आईने आशीर्वाद सांगितलाय.

तुझी,
टोचणी

(हे नाव तूच ठेवलं होतंस. आता दुसरं कुणी म्हणत नाही.)


२९ जानेवारी

प्रिय मामा,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी लिहिलंस आणि तीन ओळींत उरकलंस! आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "ठीक आहे, खुशाली विचारायला जागा उरली नसेल." पण कार्ड तिने स्वतःच्या कपाटात ठेवलंय, हेही सांगते.

तू लिहिलंस: "रोटर वाकलेला होता. फट कमी असती तर सगळी पाती घासली असती. पण रोटर वाकेल कसा? थांबल्यावर फिरवला होता."

मला दोन दिवस लागले होते ते तू एका ओळीत सांगितलंस. गोल मांडलेली पाती न बघता. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात, तुझं तर कांकणसुद्धा इथे माझ्याकडे होतं.

वाकण्याबद्दल तू सांगितलेलं सगळं मला आठवतं. तापलेलं इंजिन बंद केलं की आतली गरम हवा वर जाऊन बसते. रोटरची वरची बाजू गरम राहते, खालची लवकर निवते. वरची लांब, खालची आखूड, म्हणून मधोमध कमान येते. दिसायला केसाएवढी, पण तसंच पुन्हा जोरात फिरवलं तर कमानीच्या बाजूची पाती भिंत खरवडत गोल गोल जातात. म्हणून बंद केल्यावर दर पाच मिनिटांनी कडेचा दांडा धरून रोटर अर्धा फेरा फिरवायचा, म्हणजे वरची बाजू खाली येते आणि दोन्ही बाजू सारख्या निवतात. तू म्हणायचास, भाकरी उलटावी तसा उलटत राहा.

माझ्या मनात आलं, हे सगळं आपण ऐकून मानतो. कमान येताना प्रत्यक्ष कुणी पाहिलीय? गेल्या गुरुवारी बाईंची परवानगी काढली. पुढे कुणी चालवणार नाही असं एक जुनं इंजिन आहे. त्यात एक बटण माथ्यावर बसवलं आणि एक तळाशी. तापवलं, बंद केलं, आणि रोटरला कुणी हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं.

मामा, काय दिसलं म्हणून सांगू! पहिली दोन-तीन मिनिटं दोन्ही आकडे मिळून थोडे कमी झाले. ते केसिंग आक्रसत होतं. मग वाटा फुटल्या. वरची फट कमी होत चालली, खालची वाढत चालली. आतलं ते एवढं धूड न हलता न आवाज करता वर उचललं जात होतं, आणि बाहेरून हात लावला तर काही म्हणजे काही कळत नव्हतं. पंचविसाव्या मिनिटाला वरची फट निम्म्यावर आली. साडेतीन तासांनी सगळं पुन्हा जागच्या जागी. तू इथे असायला हवा होतास, असं मला इतक्या वेळा वाटलं की शेवटी मी ते मोठ्याने बोलले.

दोन बटणं असली की लगेच कळतं. एकच असलं, माथ्यावरचं, तर माणसाला वाटू शकतं की नुसतं केसिंग आक्रसतंय, त्यात काय. असं वाटणं अगदीच मूर्खपणाचं नाही, नाही का?

तुझ्या "पण वाकेल कसा"चं उत्तर मी या पत्रात देत नाही. अजून बघतेय. आता बाईंनी बोलावलंय.

तुझी,
टोचणी


१७ फेब्रुवारी

मामा,

तुझं चार पानी पत्र सोमवारी आलं आणि त्याच संध्याकाळी मामीचा फोन. मामी म्हणाली, "काय गं लिहिलंस ह्यांना? कुंड्या तशाच पडल्यात आणि हे कागद घेऊन बसलेत. काल माळ्यावरून फीलर गेजची डबी काढली. फट मोजायच्या त्या पातळ पट्ट्यांना तेल लावून पुसत होते, एकेक. मी चहा ठेवला नि आत गेले." ती रडत होती बहुतेक, पण चांगलं रडणं होतं.

आणि मी तुझी चार पानं वाचली. सात कारणं काढलीस तू, आकृत्यांसकट. बेअरिंग एका बाजूने झिजलं असेल. मागच्या टोकाला तेल साचून जळलं असेल. रोटर घडवतानाच धातूत ताण राहिला असेल. प्रत्येकापुढे हिशेब, आणि प्रत्येकावर शेवटी तूच फुली मारलीस. सातवं कारण वाचून मी पत्र खाली ठेवलं. "की तोवर माझ्या बोटांना पट्टीची ओढ कळेनाशी झाली होती, आणि मला ते समजलंच नाही?" यावर तेवढी फुली नव्हती.

आठवं कारण तू लिहिलं नाहीस. ते तुझ्या मनातच येत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं आता पुरे झालं.

रोटर फिरवला नव्हता. मी फिरवला नव्हता.

फिरवणं त्या दिवशी माझं काम होतं, ते तुला माहीत आहे. पण त्याच दिवशी आपण पहिल्यांदा बटण बसवलं होतं, एकच, माथ्यावर. इंजिन थांबलं तेव्हा एक पातं नेमकं त्याच्याखाली येऊन थांबलं आणि आकडा दिसत राहिला. मी दांड्याला हात घातला होता. तेवढ्यात आकडा हलला. नंतर पुन्हा हलला. थांबलेल्या इंजिनात फट कमी होत होती आणि का, ते मला कळेना. दांडा फिरवला असता तर पातं बटणाखालून सरकलं असतं आणि आकडा गेला असता. म्हटलं, पाच मिनिटं बघू. मग दहा. मला वाटलं, केसिंग आक्रसतंय. आकड्यांची पट्टी छापून येत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. इतका आनंद मला त्याआधी कशाचाच झाला नव्हता. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. पंचवीस मिनिटं मी रोटर हलवला नाही.

मग वरून निरोप आला, चाचणी बघायला आलेले पाहुणे लवकर निघणार आहेत, आत्ताच पुन्हा सुरू करा. तू आत आलास, केसिंगवर हात ठेवलास आणि विचारलंस, "फिरवलास ना?"

मी म्हटलं, "हो."

नाही म्हटलं असतं तर तीन-चार तास थांबावं लागलं असतं, पाहुणे निघून गेले असते, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. बस, एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

चौकशीत त्यांनी तुला विचारलं, थांबल्यावर रोटर फिरवला होता का? मी भिंतीकडच्या खुर्चीवर बसले होते. तू म्हणालास, "माझ्या भाचीनं फिरवला. तिच्या कामाची खात्री मी देतो." झालं, वाकण्याचा प्रश्नच उरला नाही. उरली तुझी फट आणि तुझा हात. त्यांनी तुला खोटं ठरवलं ते एक वेळ तू सोसलं असतंस. पण तू माझा शब्द खरा धरलास, म्हणून तुला स्वतःलाच खोटं धरावं लागलं. बत्तीस वर्षांचा हात. त्यानंतर तू साधी फळीसुद्धा मोजली नाहीस.

मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं का? नाही. त्या आठवड्यात मनात पाल चुकचुकली, तिला मी हाकलून दिलं. दुसऱ्या वर्षी वाकलेल्या रोटरवरचा एक अहवाल हातात आला. त्यातला आलेख आणि माझ्या कपाटातली त्या दिवसाची छापील पट्टी शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा कळलं. म्हणजे सात वर्षं. आईला भेटायला तू दोनदा आलास आणि मी दोन्ही वेळा कामाचं निमित्त काढून बाहेर गेले, ते याच सात वर्षांतलं. तुला वाटलं असेल, भाची मोठी झाली, चुकलेल्या मामाची तिला लाज वाटते. आईलाही तसंच वाटत होतं. काल तिला खरं सांगितलं. तिने कपाटातलं तुझं कार्ड काढलं आणि उशाशी नेऊन ठेवलं.

यादीवर सही करून टाकली असती तर पाती वितळली असती आणि प्रश्न मिटला असता. पेन हातात घेतलंही होतं. पण मग ती मांडून बघावीशी वाटली. ज्या खोडीनं तुझं वाटोळं केलं तिनंच मला त्या भांडारात बसवलं, त्यामुळे मी चांगली आहे असं काही तू समजू नकोस.

पहिल्याच पत्रात हे लिहायला हवं होतं. मी तुला कोडं घातलं, कारण वाटलं, तूच ओळखशील आणि मला बोलावं लागणार नाही. तू सगळं ओळखलंस. माझ्यावर तेवढा संशय घेतला नाहीस.

काल सकाळी मी बाईंना चार गोष्टी दिल्या. मांडलेल्या पात्यांचे फोटो, तेव्हाची आकड्यांची पट्टी, जानेवारीतल्या चाचणीचा आलेख, आणि माझ्या सहीचा एक कागद. बाईंनी तो कागद दोनदा वाचला. "नव्या विभागाचं मग आता कठीण आहे," म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, कठीण असायलाच हवं." मग त्यांनी विचारलं, "मामा काय करतात हल्ली?" मी सांगितलं, रोपं विकतात. मला कामावर ठेवतील की नाही ते महिनाअखेर कळेल. झडपेच्या वेळा मी नीट लिहून ठेवल्या आहेत, दुसऱ्या कुणालाही पुढे नेता येतील.

तुझी चौकशी पुन्हा उघडली आहे. दोघेजण येत्या मंगळवारी तुझ्याकडे येतील. त्यांना बसायला खुर्च्या दे, मामीला सांग घाबरू नकोस म्हणून. ते विचारतील, सुरू करण्याआधी तुम्ही खात्री करून घेतली होती का?

मामा, मी तुला ओळखते. तू म्हणशील, फार दिवस झाले, आठवत नाही. किंवा म्हणशील, घाईत होतो, विचारायचं राहिलं. पोर आहे, तिची नोकरी आहे, आपलं काय, आपण आता रोपं विकतो. हे असं तू करणार, म्हणूनच आज लिहायला बसले. नाहीतर एवढं तोंड माझ्याजवळ नव्हतं.

वर एक गोष्ट मी गाळली आहे. बाईंना दिलेल्या कागदातही गाळली होती, आज दुपारी जाऊन ती लिहून आले. तू एकदाच विचारलं नव्हतंस. दारापर्यंत गेलास आणि परत आलास. पाहुण्यांकडे पाठ करून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणालास, "राहिलं असेल तर आत्ता सांग. मी त्यांना थांबवतो, तुझं नाव येणार नाही."

आणि मी तुझ्याकडे बघून म्हटलं, "मामा, फिरवलाय रे."

मंगळवारी त्यांना हे सांग. शब्दन् शब्द सांग.

तुझी खोटं बोललेली,
भाची